व्हायोलिन कुणासाठी

पतसंस्थेच्या कर्ज-अर्जात एक रकाना असतो, 'कर्जाचे प्रयोजन'. धुळ्याच्या देवपुरातल्या एका पतसंस्थेत बसून मी वर्षानुवर्षं हे रकाने वाचत आलो आहे. 'घरदुरुस्ती' लिहिलेलं असतं आणि पैसा लग्नाच्या मांडवात जातो. 'शेतीसाठी' लिहिलेलं असतं आणि थोड्याच दिवसांत दारात नवी मोटारसायकल उभी राहते. यातले सगळे खोटारडे असतात असं मला कधी वाटलं नाही. पुष्कळांना खरं कारण स्वतःलाच नीट ठाऊक नसतं. मग शेजारच्याच्या अर्जात जे लिहिलंय तेच ते लिहून देतात. मी मात्र समोर बसून चष्म्यावरून त्यांच्याकडे बघतो. आता त्याच नजरेनं स्वतःकडे बघायची वेळ आली आहे. कर्ज कुणाकडे मागितलेलं नाही. पोस्टातली आवर्ती ठेव पुरी झाली, ४५,००० रुपये हातात आले. ते धाकटीच्या व्हायोलिनवर घालायचे का, आणि घालायचे तर नेमके कशावर, एवढाच प्रश्न आहे. एवढाच म्हणतो खरा, पण रात्री कूस बदलताना तोच डोक्यात असतो.

धाकटी आठवीत आहे. तिसरीत असताना अर्ध्या मापाच्या व्हायोलिनवर सुरुवात झाली, मग पाऊण माप आलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत ती मध्यमापर्यंत पोचली. दिवाळीनंतर एकदा क्लास सुटल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "भाऊ, हिचा हात वाढलाय. आता पूर्ण मापाचं घ्या, आणि जरा बरं घ्या. गज मात्र वेगळा बघा. पेटीबरोबर फुकट येतो तो नको." व्हायोलिनबद्दलचं वाक्य मी घरी जसंच्या तसं सांगितलं. गजाबद्दलचं सांगायचं राहून गेलं. का राहून गेलं, हे पुढे येईलच.

माप बदलणं ही गरज आहे, तिथे विवेकाला काही काम नाही. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचं धड साधारण १४ इंचांचं असतं. पाश्चात्त्य वादक ते हनुवटीखाली दाबून वाजवतात. आपल्याकडे बैठक असते. उजवा पाय पुढे घेऊन व्हायोलिनचा शेंडा घोट्यावर टेकवतात, म्हणजे डाव्या हाताला वाद्य तोलून धरावं लागत नाही आणि तो तारेवर वरखाली घसरायला मोकळा राहतो. मींड त्या मोकळेपणातून येते. पाऊण मापाच्या तारेवर स्वरांच्या जागा इतक्या जवळ असतात की वाढत्या बोटांची गर्दी होते. हे मला कळत नव्हतं; सरांनी तिचाच हात माझ्यासमोर धरून दाखवलं.

गोंधळ सुरू होतो तो किती चांगलं घ्यायचं इथे. पूर्ण मापाचं व्हायोलिन पाच-सहा हजारांतही मिळतं, पेटी, गज आणि रोझिनच्या वडीसकट. चीनच्या ज्यांग्सू प्रांतात ह्वांगछ्याओ नावाचं गाव आहे. जगभरच्या शिकाऊ पोरांच्या हातातली कितीतरी व्हायोलिनं तिथल्या कारखान्यांतून निघतात. आपल्याकडे उत्तर प्रदेशातलं रामपूर या कामासाठी ओळखलं जातं, आणि स्वस्त चिनी मालापुढे तिथले कारागीर मेटाकुटीला आले आहेत. पाच हजारांच्या आणि पन्नास हजारांच्या व्हायोलिनमधला फरक मी समजून घेतला. पुढची फळी स्प्रूसची आणि मागची मेपलची, हे दोन्हीकडे सांगतात. पण ती कोरून काढलेली आहे की दाबून वाकवलेली, हे बघायचं. बोटांखालची पट्टी खऱ्या आबनुसाची आहे की साध्या लाकडाला काळा रंग दिलाय, हे बघायचं. खुंट्या जागेवर राहतात की सूर लावून होईतो उतरतात, ब्रिज नीट घासून बसवलाय का, तारा पट्टीपासून किती उंच आहेत. आणि आत एक काडी उभी असते, साउंड पोस्ट. ती चिकटवलेली नसते, दोन फळ्यांच्या दाबावर उभी असते, आणि केसभर सरकली तरी आवाज पालटतो. म्हणजे महाग पण नीट न जुळवलेल्या व्हायोलिनपेक्षा मध्यम किमतीचं, जाणत्या हातानं जुळवलेलं व्हायोलिन बरं वाजू शकतं. ही माहिती खिशाला बरी वाटली. मनाला मात्र ती आवडली नाही, आणि इथेच मला स्वतःचा पहिला संशय आला. कमी पैशात काम होतंय हे कळल्यावर बापाला आनंद व्हायला हवा की नको?

रकान्यात मी आधी लिहिलं होतं, 'मुलीची प्रगती'. मोठी सोय असलेलं कारण. त्यावर कुणी शंका घेत नाही.

त्याच्या खाली खरवडलं तर पहिल्यांदा दहावी निघते. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, हे मला ती तिसरीत असल्यापासून पाठ आहे. देवपुरात ते सगळ्यांनाच पाठ आहे. वाडीभोकर रोडवर क्लासच्या बाहेर संध्याकाळी गाड्या लावून उभे असलेले आम्ही पालक, आत कोणता राग चाललाय ते आम्हाला सांगता येणार नाही, पण कितवी परीक्षा झाली की किती गुण पदरात पडतात ते अचूक सांगू. यात लाजण्यासारखं काही आहे का? मला वाटतं, नाही. सरकारनं दिलेली सवलत आहे. पण गुणांसाठी पाऊण मापाचं जुनं व्हायोलिनही पुरलं असतं. परीक्षकाला पेटीची किंमत दिसत नाही. तेव्हा ४५,००० रुपयांचं प्रयोजन गुण हे असू शकत नाही. आणखी खाली काहीतरी आहे.

खाली लोक आहेत. गणपतीत आमच्या कॉलनीच्या मंडपात ती वाजवते. एकवीरा देवीच्या दर्शनाला बाहेरगावचे पाहुणे येतात, ते आमच्याकडे उतरतात आणि जेवणं झाली की मी म्हणतो, "बेटा, ते भूपातलं वाजव जरा." मेव्हणा मोबाइल काढून चित्रीकरण करतो. त्या चित्रीकरणात जुनं, कडेचं पॉलिश उडालेलं व्हायोलिन मला खटकतं. तिला खटकत नाही. तिनं आजवर एकदाही नवं मागितलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "सर म्हणतात तर घेऊ. पण माझी घाई नाहीये." दुकानात जायची घाई कुणाला होती, तर मला.

आणि सगळ्यात तळाशी मी स्वतः आहे. आमच्या लहानपणी आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर मधूनच प्रभाकर जोगांची 'गाणारे व्हायोलिन' ही ध्वनिमुद्रिका लागायची. शब्द नसायचे आणि तरी ओळ ऐकू यायची. वडील न्यू प्रताप मिलमध्ये पाळीवर जायचे. घरात बाजाची पेटीसुद्धा नव्हती, व्हायोलिनचं नाव काढणंही हास्यास्पद ठरलं असतं. मी काढलंच नाही. न मागितलेली गोष्ट कुणी नाकारलीही नाही, त्यामुळे दोष द्यायला कुणी नाही. पण ती इच्छा मेली नाही. मुलीला तिसरीत क्लासला घातलं तेव्हा कथक, तबला, गायन, सगळं समोर होतं. व्हायोलिन मी निवडलं. नंतर ते तिचं झालं हे तिचं मोठेपण.

ज्यांच्या वाजवण्यानं हे खूळ डोक्यात भरलं ते जोग लहान वयात पुण्याच्या वाड्यांतून, गल्ल्यांतून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर वाजवत. पुढे सुधीर फडक्यांबरोबर गीतरामायणाच्या साथीला तेच होते. सव्वा रुपयाच्या काळात त्यांच्या हातातलं वाद्य काही दहा जणांनी वळून बघावं असं नसणार. हे उदाहरण मी पैसे वाचवण्यासाठी देत नाही. थोरांच्या गरिबीच्या गोष्टी सांगून मुलांच्या गरजा टाळायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि ती मला पटत नाही. जोगांना चांगलं वाद्य लवकर मिळालं असतं तर त्यांचं काही बिघडलं नसतं.

घरात या खर्चावर मतं पडली. आईचं अहिराणीतलं एकच वाक्य: "लाकूडले इतला पैसा?" बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ही म्हणाली, "घ्या, पण मोठ्याला बॅट घेताना तुम्ही काय म्हणाला होता ते आठवा." मोठ्यानं दोन वर्षांपूर्वी इंग्लिश विलोची बॅट मागितली होती. मी म्हणालो होतो, आधी जिल्ह्याच्या संघात ये. त्यानं पुन्हा विषय काढला नाही. लेकीला मी अशी अट घातली नाही, कारण तिच्या छंदाशी माझं नातं आहे आणि त्याच्या छंदाशी नाही. क्रिकेट मला कधीच कळलं नाही. दोन मुलांना दोन मापं लावणारा हात माझाच आहे. याचं उत्तर व्हायोलिन न घेणं हे नाही, हेही दिसतं. त्याच्याशी बोलायचं आहे. अजून बोललो नाही. या लिखाणानंतर टाळता येणार नाही.

मध्ये एक मोह होऊन गेला, तो इथे नोंदवला पाहिजे. ओळखीतल्या एकांच्या घरी आजोबांच्या काळातलं व्हायोलिन माळ्यावर होतं. त्यांनी हळूच सांगितलं, "जर्मन आहे. आत लेबल बघा." टॉर्च मारून एफच्या आकाराच्या भोकातून डोकावलो. पिवळट कागदावर छापलेलं होतं: आंतोनियस स्ट्राडिव्हेरियस, क्रेमोना, पुढे सतराशे काहीतरी. अंगावर काटा आला. मला ठाऊक होतं. व्हायोलिन घडवणारा तो विख्यात स्ट्राडिव्हेरियस १७३७ साली गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनी-बोहेमियाच्या कारखान्यांनी हजारो स्वस्त व्हायोलिनांत हेच लेबल चिकटवलं. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव छापणं भाग पडलं, म्हणून काहींवर खाली इंग्रजीत 'मेड इन जर्मनी' असंही असतं. क्रेमोनाच्या उस्तादानं इंग्रजीत जर्मनीचं नाव का लिहावं, हे विकणारा विचारत नाही आणि घेणाराही विचारत नाही. हे सगळं वाचलेलं असूनही मी दोन दिवस स्वतःला समजावत होतो की लेबल खोटं असलं तरी वाद्य जुनं आहे, जुन्याला गोडवा असतो, आणि मालकांनी किंमत तशी फार सांगितलेली नाही.

ज्या गावात इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी अखेरचा श्वास घेतला, त्या गावात राहून मी हे करत होतो. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. कागद जुना दिसतो म्हणून खरा मानायचा नाही, हात कुणाचा, शाई कुठली, मजकुरातली तिथी जुळते का हे बघायचं, हे त्या माणसानं महाराष्ट्राला शिकवलं. शाळेची सहल मंडळात गेली की आम्ही मुकाट्यानं त्या दप्तरांसमोरून फिरायचो. आणि आता एका छापील चिठोऱ्यावर मी विरघळायला तयार होतो. का? कारण 'आमच्या धाकटीकडे जुनं जर्मन व्हायोलिन आहे' हे वाक्य मला बोलायचं होतं. वाद्याच्या वरच्या फळीला तडा होता, तो मालकांनी लपवला नव्हता. मीच बघायला तयार नव्हतो. सरांनी हातात घेऊन एका मिनिटात खाली ठेवलं.

लेबलाच्या मोहावर एक औषध मला ठाऊक होतं. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला व्हायोलिनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी एक प्रयोग झाला. क्लाउडिया फ्रिट्झ ही ध्वनिशास्त्रज्ञ आणि जोसेफ कर्टिन हा व्हायोलिन घडवणारा यांनी २१ अनुभवी वादकांना काळे चष्मे लावून हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्राडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचं. लाकडाच्या जुनाट वासावरून ओळखू नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तराचा थेंबसुद्धा लावला होता. सगळ्यात जास्त पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला. सगळ्यात कमी, एका स्ट्राडिव्हेरियसला. यावरून जुनी वाद्यं भिकार असा अर्थ काढणारे काढतात. तो चूक आहे. डोळे मिटल्यावर कान काय सांगतो हे बघावं, एवढाच माझ्या कामाचा अर्थ.

म्हणून पुण्याला गेलो तेव्हा सरांना बरोबर येण्याची गळ घातली. त्यांच्या प्रवासाचा खर्च मी केला. दुकानदाराकडून त्यांना काही मिळणार का, हा प्रश्न माझ्या मनात येऊन गेला हेही लिहून टाकतो. या धंद्यात शिक्षकांना दलाली देण्याची पद्धत जगभर आहे. सरांनी गाडीतच आपण होऊन सांगितलं की ते घेत नाहीत. मी ओशाळलो, पण विचार आला होता ही वस्तुस्थिती आहे.

दुकानात लेकीला पाठमोरं बसवलं. सरांनी चार व्हायोलिनं एकाच गजानं, एकाच यमनाच्या तुकड्यावर वाजवली. तिनं दुसरं निवडलं. क्रम बदलून पुन्हा वाजवली. आता तिनं वेगळंच निवडलं. माझ्या कपाळावर आठी आली. मला निकाल हवा होता, तोही शक्यतो त्या मध-रंगाच्या, मागे वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी असलेल्या महागड्या व्हायोलिनच्या बाजूनं. सर शांत होते. ती म्हणाली, "दोन्ही आवडली, पण खालच्या सा ला दोन्ही अडखळतात." मग सरांनी गज बदलला. दुकानदाराकडचा एक काळा, कार्बन फायबरचा गज घेतला आणि तिनं दोन्ही वेळा नाकारलेलं, सगळ्यात साधं दिसणारं, २५,००० चं व्हायोलिन उचललं. तिनं न सांगता मान वळवली. मंद्रातला सा एका ओढीत अखंड निघाला होता. मग तोच गज महागड्यावर, तेही सुधारलं. पण आता दोघांतलं अंतर पूर्वीइतकं राहिलं नव्हतं.

त्या गजाची किंमत १२,००० होती. आणि मी म्हणालो, "एका काठीला?"

हा उद्गार मी गेले कित्येक दिवस उलटून पालटून बघतो आहे. पाच मिनिटांपूर्वी मीच ३८,००० च्या व्हायोलिनकडे बघत मान डोलावली होती. तिथे जीभ अडली नाही. मग बारा हजारांना का अडली? कारण गज कुणाला दिसत नाही. पाहुणे व्हायोलिनकडे बघतात. फोटोत व्हायोलिन येतं, गज अर्धा चौकटीबाहेर जातो. लेबल व्हायोलिनच्या पोटात असतं. गजाबद्दल मी मेव्हण्याला काय सांगणार? सरांचं गजाबद्दलचं वाक्य घरी सांगायचं राहून गेलं होतं ते यामुळेच. जिथे माझा मोठेपणा संपतो, नेमकं तिथे माझा हात आखडला.

आणि वाजवणाऱ्याला मात्र अर्ध्याहून अधिक संगीत तिथेच सापडतं. गज साधारण ६० ग्रॅमचा असतो. आजचा त्याचा आकार पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्तनं अठराव्या शतकाच्या अखेरीला पक्का केला. तो आधी घड्याळं करायला शिकलेला होता, आणि हे समजल्यावर गजाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. काठी आतल्या बाजूला वाकलेली असते. तिच्यावर घोड्याच्या शेपटीचे दीड-दोनशे केस ताणलेले. उत्तम गज ब्राझीलच्या पर्नाम्बुको लाकडाचे. आपल्याकडच्या पतंगाच्या झाडाशी त्याचं नातं आहे, दोन्हींतून लाल रंग निघतो. ते झाड इतकं तोडलं गेलं की २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं निर्बंध आहेत. तेव्हा विद्यार्थ्याला कार्बन फायबर हे नुसतं परवडणारं नाही, मनालाही स्वच्छ वाटणारं आहे. शिवाय खानदेशी उन्हात ते वाकत नाही.

आपल्या संगीताला गज जास्तच लागतो. विलायती स्वरलिपीत गज कुठे वर, कुठे खाली याच्या खुणा असतात. आपल्याकडे गायकाचा श्वास हीच खूण. एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांच्या तालमीतून व्हायोलिनवर गायकी अंग उभं केलं. विलंबित ख्यालाचा एक पूर्ण वाक्यांश एका गजात, मध्ये सांधा न दिसता, हे त्यांच्या वाजवण्यात ऐकायला मिळतं. आपल्या दामोदर केशव दातारांच्या वाजवण्यातली ती संथ, न तुटणारी मींड, ती डाव्या बोटाइतकीच उजव्या मनगटाची. लेकीचा मंद्र सा अडखळत होता तो तिच्या रियाजाचा दोष असं मी मानत होतो. घरी चिडून एकदा म्हणालोही होतो, "नीट लक्ष देऊन वाजव." तिच्या हातातला गज डोळ्यासमोर धरून सरांनी दाखवला तेव्हा तो शेवग्याच्या शेंगेसारखा एका अंगाला वळलेला होता.

उरला उन्हाळा. धुळ्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारी हवेत ओल नावाला उरत नाही. व्हायोलिनची लाकडं सरसानं जोडलेली असतात. कोरड्या उष्णतेत सांधे उकलतात, खुंट्या सैल होतात. पावसाळ्यात त्याच फुगून बसतात. या वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आमच्याकडे कूलर आहे, म्हणजे दुपारी दमट आणि वीज गेली की भट्टी, हे तर आणखी वाईट. नाजूक, महागडं, जुनं वाद्य या घरात आणणं हे त्या वाद्यावरही अन्यायाचं ठरलं असतं. पेटी चांगली हवी, आत आर्द्रतामापक हवा, आणि भर दुपारी क्लासला जाताना ती स्कूटरच्या डिकीत टाकायची नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून झालं आहे.

याच गावच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. फळाची आशा सोडून कर्म करावं हे धुळेकरांनी जन्मभर ऐकलेलं असतं. मी ते कधी अंगाला लावून घेतलं नव्हतं, कारण मला ते संन्याशांसाठी वाटायचं. आता प्रश्न फार लहान मापात समोर आला. निष्काम होणं माझ्यानं जमणार नाही. मंडपात ती वाजवेल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसणार आणि छाती फुगवणार. पण या ४५,००० पैकी काही रक्कम अशा जागी खर्च करता येईल का, जिथे फळ पूर्णपणे तिच्या हाताला आणि मला दाखवायला काही नाही? गज ही ती जागा आहे. इतकी सोपी निष्कामता शिल्लक असताना मी तिथेही "एका काठीला?" म्हणालो.

आणि तिला हे सगळं हवं आहे का? कर्जदाराचं प्रयोजन कितीही गोड असलं तरी आम्ही शेवटी मागची फेड बघतो. तिची फेड चोख आहे. परीक्षा नसतानाही ती बसते, पाहुणे नसतानाही. एखादा पलटा बसला नाही तर जेवायला हाक मारली तरी उठत नाही. सूर स्वतः लावते, आणि माझ्यापेक्षा तिचा कान फार पुढे गेला आहे. हे सगळं ती उद्या सोडूही शकते. अकरावी-बारावीत देवपुरातली निम्मी वाद्यं कपाटावर चढतात. सोडलं तर पैसे बुडाले असं मी म्हणणार का? म्हणणार असेन तर आत्ताच घेऊ नये. यावर मी बराच थांबलो. नाही म्हणणार. आणि म्हणावंसं वाटलंच तर हे लिखाण घरात आहे.

ठरलं ते असं. ते २५,००० चं साधं व्हायोलिन, १२,००० चा गज. उरलेल्यात चांगल्या तारांचा एक संच, साउंड पोस्ट आणि ब्रिज जाणत्याकडून जुळवून घेण्याची मजुरी, आणि धड पेटी. पाऊण मापाचं व्हायोलिन विकायचं नाही. क्लासमध्ये एक मुलगा शाळेच्या वाद्यावर शिकतो, ते त्याच्याकडे जाईल. वाढीव गुणांचा अर्ज दहावीत वेळेवर भरणार, कारण त्या परीक्षा तिनं दिल्या आहेत.

क्लासच्या बाहेर माझ्याबरोबर उभे राहणाऱ्यांना एक विनंती. दुकानात जाल तेव्हा पोराला पाठमोरं बसवा, किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या करायला सांगा, आणि व्हायोलिन बघण्याआधी गज मागा.